‘आपोआप’ या एका शब्दासाठी: वन रँक वन पेन्शन समजून घेताना

आमच्या गल्लीत एक हवालदार काका राहायचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीत चोवीस वर्षं काढून १९९० च्या दशकात पेन्शनीत आलेले. (साताऱ्याकडे जवान ‘निवृत्त’ होत नाही, ‘पेन्शनीत येतो’.) २०१६ च्या फेब्रुवारीत अलाहाबादच्या संरक्षण पेन्शन कार्यालयातून वन रँक वन पेन्शनचं, म्हणजे ‘एक हुद्दा, एक पेन्शन’ योजनेचं, ५५५ नंबरचं सर्क्युलर निघालं आणि कुणीतरी त्याची झेरॉक्स काकांच्या हातात आणून दिली. शंभरावर तक्त्यांचा तो गठ्ठा घेऊन काका ओट्यावर बसले होते. डावीकडे नोकरीची वर्षं, अर्ध्या-अर्ध्या वर्षाच्या टप्प्यानं: १५, १५.५, १६. वरच्या बाजूला हुद्दे: शिपाई, नाईक, हवालदार, नायब सुभेदार. काकांचं बोट रकान्यातून खाली सरकायचं, ओळ चुकायची, पुन्हा वरून सुरुवात. शेवटी गठ्ठा माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “सरकारनं दिलं म्हणत्यात. पर ह्यात माझं कुठं हाय, तेवढं सांग.”

मला त्या दिवशी ते सांगता आलं नाही. ती रुखरुख राहिली, म्हणून पुढे हा विषय मुळापासून वाचून काढला. वाचताना लक्षात आलं की सगळं भांडण एका वाक्यावर आणि त्या वाक्यातल्या एका शब्दावर उभं आहे. तो शब्द ठळकपणे संसदेच्या कागदावर आणला तो एका खासदाराच्या समितीने. हे खासदार म्हणजे भगतसिंह कोश्यारी. महाराष्ट्राला ते राज्यपाल म्हणून माहीत आहेत, आणि त्या काळातले वादही सगळ्यांना आठवतात. पण त्याआधी राज्यसभेत असताना त्यांनी केलेलं हे काम आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

आधी मूळ अडचण काय होती ते पाहू.

पेन्शन ठरते ती शेवटच्या पगारावर. ढोबळमानाने शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी. आता दोन हवालदार घ्या. दोघांची नोकरी चोवीस वर्षं, दोघांचा हुद्दा तोच, सियाचीनची थंडीही दोघांनी सोसलेली. एक १९९५ साली घरी आला, दुसरा २००६ नंतर. मधल्या काळात पाचवा आणि सहावा असे दोन वेतन आयोग लागू झाले. दुसऱ्याचा पगार वाढला, म्हणून त्याची पेन्शनही वाढली. पहिल्याची पेन्शनसुद्धा प्रत्येक आयोगाने थोडी सुधारली, पण ती जुन्या पगाराला धरून, त्यामुळे दोघांतलं अंतर राहिलंच. असं होता होता वरच्या हुद्द्याच्या जुन्या माणसाची पेन्शन खालच्या हुद्द्याच्या नव्या माणसापेक्षा कमी, अशीही उदाहरणं निघाली. १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्या मेजर जनरलना नंतरच्या ब्रिगेडिअरपेक्षा कमी पेन्शन मिळते, हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं आणि २००८ साली न्यायालयाने त्या मेजर जनरलांच्या बाजूने निकाल दिला.

कुणी म्हणेल, हे तर सगळ्याच सरकारी नोकरांच्या बाबतीत होतं, मग फौजींचंच वेगळं काय? फरक वयाचा आहे. कलेक्टर कचेरीतला कारकून अठ्ठावन्न किंवा साठ वर्षांपर्यंत नोकरी करतो. तोवर त्याची मुलं शिकून मार्गाला लागलेली असतात आणि नवे वेतन आयोगही त्याला नोकरीत असतानाच मिळतात. जवान मात्र पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो. फौज तरुण राहावी म्हणून त्याला घरी पाठवलं जातं, तो आपल्या मर्जीने येत नाही. अंगावर ऐन संसाराचा भार असतानाच पगार थांबतो आणि पेन्शन सुरू होते. पुढची तीस-पस्तीस वर्षं, म्हणजे तीन-चार वेतन आयोग, त्याला बाहेरून बघावे लागतात. लवकर घरी पाठवण्याचा फायदा देशाला होतो आणि तोटा त्याला एकट्याला सोसावा लागतो. माझ्या मते ‘एक हुद्दा, एक पेन्शन’ या मागणीचं सगळं बळ या एका गोष्टीत आहे.

मागणी जुनी आहे. १९८२ च्या डिसेंबरात डी. एस. नकारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शनर हा एकच वर्ग आहे, निवृत्तीच्या तारखेवरून त्यांच्यात मनमानी भेद करता येणार नाही, असं सांगितलं. १९८४ साली के. पी. सिंह देव यांच्या समितीने माजी सैनिकांच्या प्रश्नांवर अहवाल दिला, त्यातही समान पेन्शनची शिफारस होती. शरद पवार संरक्षणमंत्री असताना १९९२ पासून जुन्या पेन्शनरांना ‘एकदाच वाढ’ मिळाली. त्या वाढीने अंतर थोडं बुजलं, पण पुढचा वेतन आयोग आला की ते पुन्हा पडणारच होतं. २००९ पासून माजी सैनिकांनी आपली पदकं राष्ट्रपतींकडे परत पाठवायला सुरुवात केली. राष्ट्रपती तेव्हा आपल्या प्रतिभाताई पाटील होत्या. घरात काचेच्या कपाटात जपून ठेवलेली, सणावाराला कोटावर लावायची पदकं माणूस परत करतो तेव्हा त्याच्या मनात काय कालवाकालव होत असेल, हे फौजीच्या घरात वाढलेल्याला सांगावं लागत नाही.

आता कोश्यारींच्या समितीकडे येऊ. इथे संसदेचं कामकाज थोडं उलगडून सांगायला हवं, कारण एकटा खासदार अशा प्रश्नात काय करू शकतो याची आपल्याला नीट कल्पना नसते. सरकारात नसलेला खासदार खासगी विधेयक मांडू शकतो, पण ज्या विधेयकाने सरकारी तिजोरीवर भार पडतो त्याचा विचार करायलाही राष्ट्रपतींची शिफारस लागते. शिवाय स्वातंत्र्यापासून फक्त १४ खासगी विधेयकांचे कायदे झाले आणि त्यातलं शेवटचं १९७० साली. म्हणजे पेन्शनसारख्या पैशाच्या विषयात तो रस्ता जवळजवळ बंदच. दुसरा रस्ता प्रश्न विचारण्याचा. राजीव चंद्रशेखर या तेव्हाच्या अपक्ष खासदाराने तो धरला होता. वडील हवाई दलातले, त्यामुळे घरचाच विषय. त्यांनी राज्यसभेत वन रँक वन पेन्शनचा मुद्दा सतत लावून धरला.

तिसरा रस्ता म्हणजे याचिका समिती, आणि हा सामान्य माणसाच्या सगळ्यात जवळचा आहे. कोणताही नागरिक राज्यसभेकडे लेखी याचिका करू शकतो. एका खासदाराने तिच्यावर सही करून ती सभागृहात मांडायची असते. याचिका मराठीतसुद्धा चालते, फक्त सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. मग दहा खासदारांची समिती ती तपासते, अर्जदारांचं ऐकून घेते, मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून जाब विचारते आणि सभागृहाला अहवाल देते. अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. पण त्यातलं प्रत्येक वाक्य संसदेच्या कागदावर कायमचं राहतं, आणि ते किती मोलाचं ठरू शकतं हे या प्रकरणात दिसलं.

कोश्यारी या समितीचे अध्यक्ष होते. मूळचे कुमाऊँच्या बागेश्वरकडचे, उत्तराखंडचे माजी मुख्यमंत्री. तिथल्या डोंगरातली आणि आपल्या माण-खटावकडची गावं यात एक साम्य आहे: शेती तोकडी, पाऊस बेभरवशाचा किंवा जमीन उताराची, त्यामुळे घराघरातला एकजण फौजेत. साताऱ्यात अपशिंग्याने तर गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलं. अशा भागातल्या खासदाराला मनीऑर्डर आणि पेन्शन म्हणजे गावाचा अर्थसंकल्प असतो, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

१९ डिसेंबर २०११ रोजी समितीचा १४२ वा अहवाल राज्यसभेत आला. त्यात एक व्याख्या दिली आहे. तिचा मराठीत सरळ अर्थ असा: निवृत्तीची तारीख कोणतीही असो, एकाच हुद्द्यावरून तेवढीच वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या सगळ्या सैनिकांना सारखी पेन्शन द्यावी, आणि पेन्शनच्या दरात पुढे होणारी कोणतीही वाढ जुन्या पेन्शनरांना आपोआप मिळावी.

या वाक्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागाने आजचं अंतर बुजतं. ते अंतर उद्या पुन्हा पडू नये, याची तजवीज दुसऱ्या भागात आहे. ‘आपोआप’ नसेल तर १९९२ सारखी ‘एकदाच वाढ’ मिळते आणि दहा वर्षांनी पुन्हा मोर्चे निघतात. समितीने हे बरोबर ओळखलं होतं.

संरक्षण मंत्रालयाने समितीपुढे तीन प्रकारच्या अडचणी सांगितल्या: प्रशासकीय, कायदेशीर आणि आर्थिक. समितीला त्या पटल्या नाहीत आणि तिने तसं स्पष्ट लिहिलं. खर्चाचा हिशेबही अहवालात आहे. २०११-१२ या वर्षासाठी १,३०० कोटी रुपये, त्यातले १,०६५ कोटी जवान आणि जेसीओंसाठी (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर), २३५ कोटी अधिकाऱ्यांसाठी. हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. वन रँक वन पेन्शन म्हणजे बड्या अफसरांची मागणी, असं बोललं जायचं. प्रत्यक्षात दर शंभर रुपयांतले ऐंशीपेक्षा जास्त रुपये शिपाई ते सुभेदार मेजर या फळीसाठी होते. संरक्षण दलांसाठी वेगळा वेतन आयोग नेमावा, ही शिफारसही समितीने केली. ती आजतागायत झालेली नाही.

अहवाल आला तेव्हा कोश्यारी विरोधी बाकांवर होते आणि केंद्रात यूपीए सरकार होतं. दोन वर्षं फारसं काही हललं नाही. मग निवडणूक जवळ आली. १७ फेब्रुवारी २०१४ रोजी पी. चिदंबरम यांनी हंगामी अर्थसंकल्पात ‘वन रँक वन पेन्शन’ जाहीर करून ५०० कोटी ठेवले. २६ फेब्रुवारीला संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्याकडे बैठक झाली, तिच्या इतिवृत्तात समितीचीच व्याख्या आली, ‘आपोआप’सकट. सरकार बदललं. जुलै २०१४ मध्ये अरुण जेटलींनी १,००० कोटींची तरतूद केली. पण आदेश निघेना. जून २०१५ मध्ये माजी सैनिक दिल्लीत जंतरमंतरवर बसले. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी त्यांना तिथून हटवायला पोलीस गेले. छातीवर पदकं लावलेल्या म्हाताऱ्या फौजींशी झालेली ती झटापट टीव्हीवर पाहताना आमच्या काकांनी सेट बंद केला होता.

५ सप्टेंबर २०१५ रोजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी योजना जाहीर केली. पर्रीकर गोव्याचे, आयआयटीत शिकलेले, आकड्यांचे पक्के. चाळीस वर्षं रेंगाळलेला प्रश्न त्यांच्या कारकिर्दीत मार्गी लागला, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. ७ नोव्हेंबर २०१५ ला अधिकृत पत्र निघालं. योजना १ जुलै २०१४ पासून लागू. आता या पत्रातली मेख नीट बघा.

पत्रात व्याख्या तीच आहे. पुढची वाढ जुन्या पेन्शनरांना ‘आपोआप’ मिळेल, हेही आहे. पण लगेच पुढचं वाक्य येतं: याचा अर्थ, आजच्या आणि जुन्या पेन्शनरांमधलं अंतर ‘ठरावीक काळाने’ बुजवलं जाईल. आणि हा ठरावीक काळ म्हणजे पाच वर्षं.

आपोआप म्हणजे नळ उघडला की पाणी यावं तसं. ठरावीक काळाने म्हणजे टँकर. पाणी दोन्हीत मिळतं, पण टँकर यायच्या मधल्या दिवसांत घागर रिकामी राहते. आज ७८ वर्षांच्या पेन्शनरला ‘पाच वर्षांनी अंतर बुजवू’ म्हणणं आणि ४० वर्षांच्या पेन्शनरला तेच म्हणणं, यात फार फरक आहे.

दुसरी मेख सरासरीची. सारख्याच हुद्द्याच्या, सारख्याच नोकरीच्या दोन माणसांनाही शेवटचा पगार थोडा कमी-जास्त असू शकतो. मग ‘सारखी पेन्शन’ म्हणजे कुणाइतकी? सरकारने ठरवलं: २०१३ साली निवृत्त झालेल्यांमधली सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त पेन्शन घ्यायची आणि त्यांची सरासरी काढायची. समजा, २०१३ मध्ये चोवीस वर्षं नोकरी झालेल्या हवालदारांची कमीत कमी पेन्शन १०,००० आणि जास्तीत जास्त १२,००० आहे. (आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.) सरासरी ११,०००. ज्या जुन्या हवालदाराला ८,५०० मिळत होते त्याचे ११,००० होतील. ज्याला ११,८०० मिळतात त्याचे कमी होणार नाहीत, तेवढेच राहतील. म्हणजे एका हुद्द्याला एकच पेन्शन झाली का? अगदी काटेकोर पाहिलं तर नाही. माजी सैनिकांच्या संघटनांचं म्हणणं होतं की सरासरी नको, जास्तीत जास्त आकडा धरा आणि फेरनिश्चिती दरवर्षी करा.

हा कमी-जास्तपणा येतो कुठून? मुख्यतः ‘एमएसीपी’ या व्यवस्थेमुळे. बढतीच्या जागा मोजक्या असतात, म्हणून ज्या जवानाला बढती मिळत नाही त्याला ८, १६ आणि २४ वर्षांनी वरच्या हुद्द्याचा पगार दिला जातो. हुद्दा नाईकाचा, पगार हवालदाराचा. ही सोय आजच्या रूपात जुन्यांना नव्हतीच. त्यामुळे कागदावर दोघे नाईक, पण पेन्शन वेगळी. हाच मुद्दा घेऊन इंडियन एक्स-सर्व्हिसमेन मूव्हमेंट ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली.

१६ मार्च २०२२ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती चंद्रचूड, सूर्य कांत आणि विक्रम नाथ यांच्या पीठाने सरकारची योजना घटनेला धरून असल्याचं ठरवलं. सरासरी मान्य झाली आणि पाच वर्षांचा काळही मान्य झाला. कोश्यारी समितीच्या अहवालाबद्दल न्यायालय म्हणालं की त्याने या मागणीचा इतिहास कळतो, पण तो सरकारचं धोरण नव्हे. धोरण काय, हे ७ नोव्हेंबर २०१५ च्या पत्रावरूनच ठरेल.

कायद्याच्या नजरेतून हे बरोबरच आहे. समिती शिफारस करते, धोरण सरकार ठरवतं. पण माझ्या मते या निकालाने समितीचं काम वाया गेलं नाही. २०१४ च्या इतिवृत्तात, २०१५ च्या पत्रात आणि २०२२ च्या निकालात व्याख्येचे तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. भांडायला मोजपट्टी मिळाली, ती त्या अहवालामुळे. त्याच वेळी हेही म्हटलं पाहिजे की २०१५ मध्ये सत्तेवर कोश्यारींचाच पक्ष होता, आणि आपल्याच खासदाराने लिहिलेला ‘आपोआप’ त्या सरकारने पातळ केला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

त्याच निकालात पेन्शनरांच्या हाती एक ठोस गोष्ट पडली. पाच वर्षं म्हणालात ना, मग १ जुलै २०१९ ला फेरनिश्चिती व्हायला हवी होती. ती करा आणि थकबाकी तीन महिन्यांत द्या, असं न्यायालयाने बजावलं. तीन महिन्यांचे नऊ झाले. २३ डिसेंबर २०२२ ला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. लाभार्थी २५.१३ लाख, जुलै २०१९ ते जून २०२२ ची थकबाकी २३,६३८ कोटी, आणि वर्षाचा वाढीव खर्च सुमारे ८,४५० कोटी. मग मंत्रालयाने परस्पर चार हप्त्यांचं पत्र काढलं, त्यावर न्यायालयाने फटकारलं. अखेर २० मार्च २०२३ ला वेळापत्रक ठरलं: कुटुंब पेन्शन घेणारे आणि शौर्यपदक विजेते यांना ३० एप्रिलपर्यंत, सत्तरीपुढच्यांना ३० जूनपर्यंत, बाकीच्यांना फेब्रुवारी २०२४ अखेरपर्यंत तीन हप्त्यांत. म्हाताऱ्यांना आधी द्या, ही साधी माणुसकीची गोष्ट न्यायालयाला सांगावी लागली, याचं मला अजून वाईट वाटतं.

तिसरी फेरी १ जुलै २०२४ पासूनची. तिच्यात २०२३ साली निवृत्त झालेल्यांची पेन्शन आधार धरली आहे. पाच वर्षांचा हिशेब कायम राहिला तर चौथी १ जुलै २०२९ ला.

दोन गोष्टींबाबत लोकांचा हमखास गोंधळ होतो. एक, ७ नोव्हेंबर २०१५ च्या पत्राप्रमाणे, त्यापुढे जो स्वतः अर्ज करून मुदतीआधी फौज सोडेल त्याला ही योजना नाही. दोन, २०२२ पासून भरती होणाऱ्या अग्निवीरांचा या सगळ्याशी संबंध नाही. चार वर्षांनी घरी येणाऱ्याला पेन्शनच नाही. त्यातल्या ज्या पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलांना कायम केलं जाईल, त्यांचाच पेन्शनशी संबंध येईल.

तुमच्या घरात, नात्यात कुणी पेन्शनर असेल तर चार गोष्टी काढून ठेवा: पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक, त्यावरचा ग्रुप (कामानुसार ठरलेला वर्ग), आणि पेन्शनसाठी धरलेली नोकरीची नेमकी वर्षं. अर्ध्या वर्षाच्या फरकाने तक्त्यातली ओळ बदलते. पेन्शन आता ‘स्पर्श’ या पोर्टलवरून येते. तिथे हुद्दा, ग्रुप किंवा वर्षं चुकीची चढली असतील तर आकडाही चुकीचा येतो, आणि तो आपण दाखवून दिल्याशिवाय बहुधा कुणी दुरुस्त करत नाही. पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का ते माणूस हयात असतानाच पाहून घ्या. नंतर त्या बाईला एकटीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या चकरा माराव्या लागतात. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचाच, तोही चुकवू नका.

काका २०२१ साली गेले. थकबाकीचे पैसे आले ते काकूंच्या खात्यात, २०२३ च्या उन्हाळ्यात. त्या दिवशी काकूंनी मला बोलावून घेतलं. समोर या वेळी ६६६ नंबरच्या सर्क्युलरची झेरॉक्स होती. कुटुंब पेन्शनचा तक्ता काढला, हवालदाराचा रकाना धरला, चोवीसच्या ओळीवर पट्टी आडवी ठेवली. काकूंनी पासबुकातला आकडा वाचला, मी तक्त्यातला. दोन्ही जुळले. काकूंनी ते पान गठ्ठ्यातून वेगळं काढलं, चौघडी घालून काकांच्या डिस्चार्ज बुकात ठेवलं आणि ट्रंकेला कुलूप लावलं.